उताराच्या प्लॉटवर तळघर : भराव टाकण्याआधी पातळी ठरवा, नाहीतर तळघराचा मजला होतो

तुळजापूर, अंबाजोगाई, धाराशिव इथले चढउताराचे प्लॉट घ्या, किंवा छत्रपती संभाजीनगरच्या डोंगराकडच्या वसाहती. घर बांधताना सगळीकडे कामाचा क्रम उलटा लागतो. आधी जेसीबी येतो, मग हायवाच्या (मोठ्या डंपरच्या) खेपा पडतात, प्लॉट रस्त्याबरोबर सपाट होतो आणि त्यानंतर मालक इंजिनिअरला विचारतात, "खाली तळघर बसंल ना?" तोवर ज्या जमिनीवरून तळघर मोजायचं, ती मुरमाखाली गाडली गेलेली असते. पुढे नकाशा अडकतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे घर पूर्ण झाल्यावर भोगवटा प्रमाणपत्र (घर वापरायची पालिकेची परवानगी) अडकतं.

खालचे टप्पे याच क्रमाने करा. चाचणी खड्डे सोडले तर पहिले सहा टप्पे जमिनीत फावडं घालण्याच्या आधीचे आहेत, आणि बहुतेकांचं काम तिथेच बिघडतं.

मोजतात काय, हे आधी समजून घ्या

तळघर किती खोल खणलं, यापेक्षा त्याचं छत (म्हणजे वरच्या स्लॅबची खालची बाजू) बाहेरच्या जमिनीच्या किती वर येतं, हे महत्त्वाचं. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार तळघराचं छत सभोवतालच्या जमिनीच्या सरासरी पातळीपेक्षा किमान ०.९ मीटर आणि जास्तीत जास्त १.२ मीटर वर असावं, आणि आतली उंची कुठेही २.४ मीटरपेक्षा कमी नसावी. किमान मर्यादा हवा-उजेडासाठी आहे. कमाल मर्यादा ओलांडली की ती जागा तळघर म्हणून मिळणारी सवलत गमावते. (पंख्याने, यंत्राने हवा खेळवणाऱ्या मोठ्या तळघरांचं गणित वेगळं आहे. इथे घरगुती, खिडक्या-झरोक्यांच्या तळघराचंच बोलतो आहे.)

मराठवाड्यातल्या महापालिका-नगरपालिकांना डिसेंबर २०२० पासून राज्याची एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. तिच्यात वेळोवेळी दुरुस्त्या होतात, म्हणून तळघराचं कलम आर्किटेक्टकडून आजच्या मजकुरासह वाचून घ्या. पार्किंगचं तळघर चटईक्षेत्रात (प्लॉटवर बांधायला मिळणाऱ्या एकूण क्षेत्रात, एफएसआयमध्ये) धरत नाहीत. तीच जागा मजला ठरली तर तिचं क्षेत्र धरलं जातं, वर बांधायला तेवढं कमी उरतं आणि मजल्यांची संख्याही वाढते.

इशारा : इंटरनेटवर तळघर मोजायची जी कोष्टकं आणि व्हिडिओ सापडतात, त्यातली बरीचशी अमेरिकेची असतात. तिथल्या संहितेत तळघराच्या वरच्या मजल्याची फरशी सरासरी पातळीपेक्षा ६ फुटांहून जास्त वर गेली, किंवा कुठल्याही एका ठिकाणी जमिनीपासून १२ फुटांहून जास्त वर गेली, तर तळघर हा जमिनीवरचा मजला धरतात. ते फरशीपर्यंत मोजतात, आपण छतापर्यंत. त्यांची मर्यादा आपल्यापेक्षा खूप सैल आहे. सहा फुटांचा आकडा धरून बांधलेलं तळघर आपल्याकडे मजलाच ठरेल.

तिथली एक गोष्ट मात्र घेण्यासारखी आहे. जमीन भिंतीपासून बाहेर उतरत असेल, तर ते भिंतीला चिकटलेली माती मोजत नाहीत. भिंतीपासून ६ फुटांच्या आतली (हद्द त्याहून जवळ असेल तर हद्दीपर्यंतची) सर्वांत खालची जमीन धरतात. म्हणजे भिंतीलगत मातीचा ढीग रचून तळघर "खाली" दाखवता येत नाही. आपणही स्वतःसाठी हाच कडक हिशोब ठेवावा.

१. कागद, रस्ता आणि चाचणी खड्डा

हद्दीची मोजणी, अकृषिक आदेश, मंजूर लेआऊट आणि सातबारा किंवा मालमत्ता पत्रक हे सगळे जमवतातच. राहून जातात त्या तीन गोष्टी.

पहिली, रस्त्याची पातळी. समोरचा रस्ता कच्चा असेल, तर पक्का झाल्यावर त्याची उंची काय राहणार हे पालिकेच्या बांधकाम विभागात विचारा. पक्का असेल तरी पुढच्या डांबरीकरणाचा थर धरून चाला. जुना थर न खरवडता वर नवा टाकायची पद्धत सगळीकडे आहे.

दुसरी, पाणी. नांदेड, पैठणसारख्या गोदाकाठच्या गावांत निळी आणि लाल पूररेषा कुठून जाते ते नकाशावर बघा. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. प्लॉट लाल रेषेच्या आत असेल तर माझं मत स्पष्ट आहे : तळघराचा विचार सोडा.

तिसरी, चाचणी खड्डा. प्लॉटच्या पुढच्या आणि मागच्या बाजूला एकेक खड्डा, तळघराच्या तळापेक्षा खोल. आपल्याकडे एकाच प्लॉटवर पुढे हातभर खाली मुरूम आणि मागे पुरुषभर काळी माती निघते. कधी मध्येच काळा पाषाण लागतो. हे आधी कळलं नाही तर सातव्या टप्प्यावर फार महागात पडतं.

२. जेसीबीच्या आधी पातळ्या घ्या

झाडंझुडपं काढण्याइतकीच सफाई करा, माती हलवू नका. ऑटो लेव्हल (पातळी बघायची दुर्बीण) आणि स्टाफ (आकडे असलेली उभी पट्टी) घेऊन येणारा सर्व्हेअर अर्ध्या दिवसात काम करतो. गवंड्याची पाण्याची नळी जोत्याच्या कोपऱ्यांना पुरते. मंजुरीच्या कागदासाठी ती वापरू नका, कारण तिचं लेखी पत्रक राहत नाही.

आधी बेंचमार्क, म्हणजे जिच्यावरून सगळ्या पातळ्या मोजायच्या ती न हलणारी खूण, पक्का करा. तो रस्त्यावर, गटाराच्या झाकणावर किंवा स्वतःच्या प्लॉटमधल्या दगडावर नको. रस्ता उंचावतो, झाकण बदलतं, दगड जेसीबीखाली जातो. जवळचा पूल किंवा मोरीचा कठडा, नाहीतर शेजारच्या जुन्या पक्क्या इमारतीची पायरी धरा. तिथे रंगाने खूण करा आणि दोन वेगवेगळ्या बाजूंनी फोटो काढा.

मग पुढील ठिकाणच्या पातळ्या घ्या :

- रस्त्याचा मध्य, प्लॉटच्या रुंदीभर तीन ठिकाणी
- प्लॉटचे चारही कोपरे
- इमारतीचे कोपरे, आणि प्रत्येक बाहेरच्या भिंतीच्या रेषेवर दर तीन मीटरला एक
- शेजाऱ्यांच्या प्लॉटची हद्दीलगतची जमीन

तपासणी : पत्रकावर तारीख, बेंचमार्कचं वर्णन आणि सर्व्हेअरची सही आहे का? स्टाफ उभा करून काढलेले चारही कोपऱ्यांचे फोटो आहेत का? दोन्ही हातात येईपर्यंत जेसीबीवाल्याला तारीख देऊ नका.

३. सरासरी काढा

सरासरी प्लॉटच्या कोपऱ्यांची काढायची नसते, इमारतीभोवतीच्या जमिनीची काढायची असते. लांबट प्लॉटवर मागे मोकळी जागा जास्त सोडली असेल, तर या दोन सरासऱ्यांमध्ये फूटभराचा फरक सहज पडतो.

एक उदाहरण शेवटपर्यंत वापरू. इमारत ९ × १२ मीटर, रस्त्याकडून मागे उतार. रस्त्याचा मध्य १००.०० मीटर धरला. इमारतीच्या कोपऱ्यांवर मूळ जमीन अशी :

- पुढे डावीकडे ९९.८०
- पुढे उजवीकडे ९९.६०
- मागे डावीकडे ९८.४०
- मागे उजवीकडे ९८.२०

बेरीज ३९६.००, चाराने भागलं की सरासरी ९९.००. उतार एकसारखा असल्याने इथे चार कोपरे पुरले. मध्येच खाच, जुना बांध किंवा ओघळ असेल तर दर तीन मीटरच्या सगळ्या पातळ्या हिशोबात घ्या.

४. पातळ्या वरून खाली ठरवा

लोक खालून सुरुवात करतात : एवढं खणू, त्यावर दहा फूट उंची, त्यावर स्लॅब, मग तळमजला जिथे येईल तिथे. याने छत हमखास वर जातं. उलट चला.

उदाहरणातल्या मालकांना तळमजल्याची फरशी रस्त्यापेक्षा दीड फूट, म्हणजे ४५ सेंटिमीटर वर हवी आहे. फरशी १००.४५. फरशी-मसाला ५ सेंटिमीटर आणि स्लॅब १५ सेंटिमीटर वजा केले की तळघराचं छत १००.२५ वर येतं. सरासरी ९९.००. फरक १.२५ मीटर. मर्यादा १.२. अवघ्या पाच सेंटिमीटरनी हे तळघर मजल्यात जातं.

उपाय सोपा आहे, पण तो आताच करता येतो. फरशी १० सेंटिमीटर खाली, १००.३५ वर घ्या. छत १००.१५, फरक १.१५. पुढची जमीन ९९.८० असल्याने जोत्याची उंची ५५ सेंटिमीटर उरते. संहितेची किमान ४५ सेंटिमीटरची अट पाळली जाते आणि रस्त्यावर डांबराचा एक थर चढला तरी पाणी घरात येत नाही.

आता खाली. छतापासून २.४ मीटर. मात्र पार्किंग असेल तर मोजा तुळईच्या खालून. तुळई स्लॅबसकट ४५ सेंटिमीटर असेल तर ती छताखाली ३० सेंटिमीटर लोंबते. म्हणून तळघराची फरशी ९७.४५. शेवटी पाणी जमवायचा संप, तोही फरशीच्या खाली.

इशारा : या हिशोबात पाच सेंटिमीटरची शिल्लक आहे. सेंट्रिंगमध्ये (स्लॅबच्या साच्यात) दोन-तीन सेंटिमीटर इकडेतिकडे होतात. शिल्लक त्याहून कमी असेल तर फरशी आणखी खाली घ्या, "साइटवर बघू" म्हणू नका.

५. दोन्ही जमिनींवर तपासा

हा टप्पा जवळजवळ कोणी करत नाही, आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. "सभोवतालची जमीन" म्हणजे मूळ जमीन की भरावानंतरची, यावर मंजुरी देणारा अधिकारी आणि तपासणीला येणारा अधिकारी यांचं मत वेगळं पडू शकतं. म्हणून तळघर दोन्ही हिशोबांत बसलं पाहिजे.

मूळ जमिनीवर फरक १.१५. बसतं.

समजा मालकांनी मागची बाजू भरून पुढच्या उजव्या कोपऱ्याइतकी, ९९.६० पर्यंत आणली. सरासरी होते ९९.६५ आणि छत फक्त ५० सेंटिमीटर वर राहतं. किमान ०.९ ची अट मोडली, झरोके मातीत गेले. मजला होऊ नये म्हणून जास्त भराव टाकला आणि तळघर दुसऱ्या बाजूने नियमाबाहेर गेलं, असं हे होतं.

किती भरता येईल हे उलटं काढा. छत १००.१५ वजा ०.९ म्हणजे सरासरी ९९.२५ च्या वर जाऊ नये. मागच्या दोन्ही कोपऱ्यांवर प्रत्येकी ४० सेंटिमीटर भराव टाकला तर पातळ्या ९८.८० आणि ९८.६०, सरासरी ९९.२०, फरक ०.९५. बसतं. या प्लॉटवर मागे ४० सेंटिमीटर ही भरावाची हद्द झाली. हा आकडा जेसीबीवाल्याला सांगायचा आणि कागदावरही लिहायचा.

झरोकेही इथेच मोजा. संहितेप्रमाणे झरोक्यांचं एकूण क्षेत्र तळघराच्या क्षेत्राच्या २.५ टक्क्यांपेक्षा कमी नको आणि ते चारही बाजूंना विखुरलेले हवेत. १०८ चौरस मीटरला २.७ चौरस मीटर. झरोक्याची खालची कड भरावानंतरच्या जमिनीपेक्षा निदान वीतभर वर ठेवा.

मागच्या कोपऱ्यात मूळ जमिनीवरून छत १.९५ मीटर वर दिसतं. सरासरी बरोबर असली तरी मागच्या गल्लीतून बघणाऱ्याला तो मजलाच वाटतो, आणि तक्रारी तिथूनच होतात. सरासरीचं गणित नकाशावर छापलेलं असेल तर उत्तर देता येतं.

६. नकाशात दोन छेद मागा

साध्या नकाशात एकच छेद (इमारत उभी कापून दाखवणारं चित्र, सेक्शन) असतो, बहुधा जिन्यातून. उताराच्या प्लॉटला दोन हवेत : रस्त्याकडून मागे, आणि डावीकडून उजवीकडे. दोन्हींत मूळ जमीन तुटक रेषेने आणि भरावानंतरची जमीन सलग रेषेने दाखवा. बेंचमार्क, सरासरीचं कोष्टक, छताची पातळी आणि झरोके सगळं आकड्यांसह लिहा.

तळघराचा वापरही नेमका लिहा. पार्किंग, घरगुती सामान, पंप-जनरेटर. राहण्यासाठी तळघर वापरता येत नाही. लातूरला आणि संभाजीनगरात शिकायला येणाऱ्या मुलांमुळे अभ्यासिकेला जागा फार मागतात, आणि पार्किंग म्हणून मंजूर झालेल्या तळघरात टेबलं मांडायचा मोह होतो. २७ जुलै २०२४ ला दिल्लीच्या जुन्या राजेंद्रनगरात तळघरातल्या अभ्यासिकेत पावसाचं पाणी शिरून तीन विद्यार्थी दगावले. आपल्या लेकरांना त्या जागी बसवू नका, भाडं कितीही येवो.

आरसीसी डिझायनरला उतार वेगळा सांगा. उतारावर पुढचे कॉलम आखूड आणि मागचे लांब राहिले तर भूकंपात आखूड कॉलमवर जास्त जोर येतो. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप याच पट्ट्यात झाला, त्यामुळे हा मुद्दा आपल्याकडे कागदी नाही.

७. खोदकाम आणि काळी माती

खोदकाम मृगाच्या आधी उरकून भिंती जमिनीच्या वर यायला हव्यात. तसं वेळापत्रक बसत नसेल तर दिवाळीनंतर सुरू करा. पावसात उघडा राहिलेला काळ्या मातीचा खड्डा कडेने ढासळतो आणि शेजाऱ्याची भिंत सोबत घेऊन जातो. निघालेला मुरूम प्लॉटबाहेर न्यायचा असेल तर परवानगी आणि रॉयल्टीचं तहसील कार्यालयात आधी विचारून घ्या.

इथली सर्वांत महाग चूक पाषाणाची. फूटभर खणणं बाकी असताना काळा दगड लागतो, ब्रेकरचा खर्च ऐकून मालक म्हणतात, "राहू द्या, तळ तिथंच ठेवा, वर फूटभर वाढवू." तळ फूटभर वर आला, आतली उंची राखायला छत फूटभर वर गेलं. आपल्या उदाहरणात १.१५ चा फरक १.४५ होतो आणि सगळ्या मंजुरीवर पाणी पडतं. दगड लागला तर पर्याय दोनच : ब्रेकर लावा, किंवा तळघराचा तेवढा भाग वगळून सुधारित नकाशा द्या. छताची पातळी हलवायची नाही.

इशारा : खणून काढलेली काळी माती तळघराच्या भिंतीमागे परत भरू नका. पावसाळ्यात ती फुगून भिंत आत ढकलते, उन्हाळ्यात आकसून भेगा पडतात आणि पहिल्याच पावसाचं पाणी त्या भेगांतून थेट पायापर्यंत जातं. भिंतीला बाहेरून वॉटरप्रूफिंग, त्याला लागून फूटभर खडीचा थर, तळाशी उतार दिलेला छिद्रांचा पाईप आणि मग मुरूम, अशी रचना करा. पाईपचं पाणी प्लॉटच्या खालच्या बाजूला उघड्यावर काढा. ते शक्य नसेल तर संपमध्ये.

८. जोता तपासणी, भरावाच्या आधी

तळघरावरचा स्लॅब टाकून झाला की सर्व्हेअरला त्याच बेंचमार्कवरून पुन्हा पातळी घ्यायला लावा. छत १००.१५ आहे ना? मग जोता तपासणीचा अर्ज द्या. बाहेरची मूळ जमीन उघडी असतानाच तपासणी झालेली बरी. अधिकाऱ्याला दुसऱ्या टप्प्यातलं पत्रक, फोटो आणि आजची पातळी एकत्र दाखवा. भराव टाकून मग बोलावलं तर मूळ जमीन कुठे होती हे तोंडी सांगत बसावं लागतं.

९. भराव आणि शेवटचा उतार

आता भराव, ठरलेल्या हद्दीपर्यंतच. मुरूम वीतभर जाडीच्या थरांत, प्रत्येक थरावर पाणी आणि धुम्मस किंवा प्लेट कॉम्पॅक्टर. हायवा उलटा करून एकदम ओतलेला भराव पहिल्या दोन पावसाळ्यांत बसतो. मग उतार भिंतीकडे होतो आणि पाणी तळघराकडे वळतं.

भिंतीपासून बाहेर उतार हवा. अमेरिकेच्या घरबांधणी संहितेतलं माप इथेही वापरायला चांगलं आहे : पहिल्या १० फुटांत ६ इंच. समासाची जागा (इमारत आणि हद्द यांमधली मोकळी पट्टी) तेवढी रुंद नसेल तर फरसबंदी करून हद्दीलगत उघडी नाली द्या आणि तिचा उतार रस्त्याच्या गटाराकडे किंवा नाल्याकडे न्या. शेजाऱ्याच्या अंगणात नको.

भरावाचा दाब कंपाउंडच्या भिंतीवर टाकू नका. ती चार इंची किंवा नऊ इंची वीट भिंत हद्द दाखवायला असते, माती पेलायला नाही. ४० सेंटिमीटर भराव असला तरी हद्दीला दगडी किंवा आरसीसी टेकभिंत वेगळी बांधा.

गाडीचा उतार जिथे रस्त्याला मिळतो तिथे रस्त्यापेक्षा वीतभर उंच उंबरा आणि त्याच्या आत जाळीची आडवी नाली करा. दिल्लीतलं पाणी रस्त्यावरूनच आत आलं होतं.

तपासणी : भराव बसल्यावर इमारतीच्या कोपऱ्यांवर तिसऱ्यांदा पातळ्या घ्या आणि भोगवटा प्रमाणपत्राच्या अर्जासोबत तिन्ही पत्रकं जोडा : मूळ जमीन, स्लॅबनंतर, भरावानंतर. पुढे शेजाऱ्याने स्वतःचा प्लॉट भरून उंच केला, पाणी तुमच्याकडे वळलं आणि पालिकेचा माणूस मोजायला आला, तर हीच पत्रकं काढायची आहेत. त्यामुळे मूळ प्रती घरी ठेवा आणि फाईलला झेरॉक्स लावा.